ट्रॉलीचा हूक कोठे व कसा बसवावा?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, अथणी या बाजूच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडील आपले बांधव सोयाबीन आणि गहू ट्रॉलीतूनच मंडीत नेतात. बडोद्याकडे कापूस जातो. माल निराळा आणि वाटही निराळी. पण सगळीकडे एक वस्तू सारखीच असते. ती म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना एकत्र बांधणारा हूक.

ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, डिझेल किती खातो ते विचारतो, बँकेचा हप्ता विचारतो. हूक कोठे आहे, तो जमिनीपासून किती उंच आहे, तो कशाला आणि किती बोल्टांनी आवळला आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. ट्रॅक्टर जेव्हा मागे उलटतो, किंवा भरली ट्रॉली चढावर सुटून मागे घरंगळते, तेव्हा मात्र पुष्कळदा दोष या लहानशा वस्तूकडेच येतो. म्हणून या अंकात आम्ही फक्त हुकाविषयीच लिहीत आहोत. यंत्रशास्त्र शिकलेले नसले तरी चालेल. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला यातले निम्मे अगोदरच ठाऊक आहे.

बैलगाडीचा धडा

गाडी भरताना आपले वाडवडील माल कसा रचावा याची फार काळजी घेत. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते. जू वर उचलते, जोत्याने बैलांचा गळा आवळतो आणि चढावर बैल अक्षरशः टांगले जातात. पुढे जास्त भरले तर जू मानेवर दाबते, खांदे सुजतात. म्हणून बहुतेक भार आसावर आणि थोडासा भार जुवावर, असा तोल साधावा लागे.

दोन चाकांच्या ट्रॉलीचे गणित अगदी हेच आहे. येथे जुवाच्या जागी ट्रॉलीचा दांडा, आणि बैलांच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हूक. माल मागे जास्त झाला तर दांडा हुकाला वर उचलतो. मग ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, ती जागच्या जागी फिरू लागतात आणि ब्रेकही नीट लागत नाहीत. माल पुढे जास्त झाला तर दांडा हुकाला खाली दाबतो. तेव्हा ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती राहत नाही.

फरक एवढाच की बैल त्रास झाला तर थांबतो, मान हलवतो, हाकणाऱ्याला कळवतो. ट्रॅक्टर कळवीत नाही. तो एकदम उलटतो.

पुढची चाके का उचलतात?

ट्रॅक्टरचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर असते आणि जोरही तेथूनच लागतो. हुकाला मागून ओढ बसली की ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलण्याकडे कल होतो. ओढ जितकी जास्त आणि हूक जमिनीपासून जितका उंच, तितका हा कल जास्त. शिवाय दांड्याचा दाब जर मागच्या आसाच्या पाठीमागे पडत असेल, तर तोही पुढची चाके उचलण्यासच मदत करतो. लहान मुलांची फळीची झोपाळी आठवा. मागचा आस हा मधला टेकू. टेकूच्या मागे दाबले की पुढचे टोक वर जाते.

आकड्यांनी पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. आपल्या ट्रॅक्टरचे खरे आकडे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावेत.

समजा, ट्रॅक्टरचे वजन २००० किलो आहे आणि त्यातील ८०० किलो पुढच्या चाकांवर आहे. पुढच्या व मागच्या आसांतील अंतर २ मीटर. मालासह ट्रॉली ६ टनांची. शेताच्या मऊ जमिनीतून ती रस्त्यावर चढवताना १२०० किलोची ओढ बसते असे धरू. दांड्याचा हुकावर दाब १००० किलो, आणि हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे.

दाबामुळे पुढच्या चाकांवरचे वजन किती कमी झाले? १००० गुणिले ०.६, भागिले २. म्हणजे ३०० किलो. आता ओढीचे पाहू. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल तर १२०० गुणिले ०.५, भागिले २; म्हणजे आणखी ३०० किलो. दोन्ही मिळून ६०० किलो गेले. पुढच्या चाकांवर २०० किलो उरले. स्टिअरिंग हलके लागेल, पण चाके जमिनीवर राहतील.

आता तीच ट्रॉली, तोच माल, तोच चढ. फक्त जोडणी ९० सेंटिमीटर उंचीवर केली. ओढीमुळे जाणारे वजन होते ५४० किलो. त्यात दाबाचे ३०० मिळवा, ८४० झाले. पुढच्या चाकांवर होते ८०० च. म्हणजे चाके उचलली. चढावर ट्रॅक्टर आधीच मागे कललेला असतो, त्याचा हिशेब तर आपण यात धरलेलाही नाही.

बाकी सर्व तेच असताना केवळ ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे हातभरापेक्षाही कमी, उंचीने हा फरक पडला. हे प्रत्येक चालकाने मनावर कोरून ठेवावे.

चाके उचलली की विचार करायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर मागे उलटण्यास सुमारे दीड सेकंद लागतो, आणि पाऊण सेकंदातच तो सावरण्याच्या पलीकडे जातो. एवढ्या वेळात माणसाच्या लक्षात येऊन पाय क्लचवर जाणे अवघड. म्हणून कौशल्यावर विसंबू नये. हूकच खाली ठेवावा. खालच्या हुकाचा आणखी एक गुण असा की पुढचा भाग उचलू लागला की हूक जास्तच खाली जातो, आणि उलटवणारा जोर कमी होतो.

तीन टोकांची जोडणी ट्रॉलीसाठी नव्हे

मागे नांगर, कल्टिव्हेटर जोडण्यासाठी ट्रॅक्टरला खाली दोन दांड्या आणि वर एक टॉप लिंक असते. ही तीन टोकांची जोडणी आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याने सिद्ध केली. १९१७ साली निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्त आणि हलका होता, पण नांगर दगडात किंवा मुळीत अडकला की तो मागे उलटे. त्यात पुष्कळ चालक गेले. फर्ग्युसनच्या जोडणीत नांगराला अडथळा आला की टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढची चाके जमिनीवर दाबली जातात. १९३९ साली ही जोडणी घेऊन फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला, आणि आज आपल्या शेतातील जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर ती दिसते.

पण हे संरक्षण तीनही टोके औजाराला जोडलेली असतात तेव्हाच मिळते. केवळ टॉप लिंकच्या कानाला साखळी बांधून ट्रॉली ओढणे म्हणजे त्याच जोडणीचा उलटा उपयोग होय. ते टोक उंच असते. वर दाखवलेला ९० सेंटिमीटरचा हिशेब तो हाच. तसेच खालच्या दोन दांड्यांमध्ये भोकांची आडवी पट्टी घालून तिला भरली ट्रॉली जोडू नये. हायड्रॉलिकचा लिव्हर चुकून हलला तर ती पट्टी वर येते, आणि तिच्याबरोबर ओढीची जागाही वर येते.

चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना हा मोह फार होतो. "जरा वर बांध, म्हणजे ट्रॉली उचलून निघेल," असे कोणीतरी सांगतोच. त्याचे ऐकू नये. आधी माल उतरवावा, चाकांपुढची माती काढावी, आणि ओढ नेहमीच्या खालच्या हुकालाच द्यावी. ट्रॅक्टरचीच मागची चाके रुतली असतील तर पुढे जाण्यासाठी त्यांच्यासमोर ओंडके टाकू नयेत. चाक अडले आणि इंजिन जोर करीत राहिले, तर चाकाऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. ट्रॉली सोडून ट्रॅक्टर मागे घेत काढावा.

हूक बसवताना

नवीन हूक बसवायचा असो की जुना बदलायचा असो, पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) जागा. हूक मागच्या आसाच्या उंचीपेक्षा खाली असावा, ट्रॅक्टरच्या बरोबर मध्यभागी असावा, आणि वळताना टायरला दांडा लागणार नाही एवढाच मागे असावा. विनाकारण मागे नेलेला हूक म्हणजे टेकूमागे वाढवलेली फळी. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत हुकाची उंची आणि त्यावर चालणारा दाब दिलेला असतो. ते आकडे चालकाला दिसतील असे मडगार्डवर रंगाने लिहून ठेवावेत.

(२) दांड्याची पातळी. भरलेली ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करून पाहावी. दांडा साधारण आडवा असावा. ट्रॉलीचा दांडा उंच आहे म्हणून ट्रॅक्टरचा हूक वर चढवणे ही पद्धत सर्रास दिसते, पण ती घातक आहे. बदल करायचा तर ट्रॉलीच्या दांड्यात करावा, ट्रॅक्टरच्या हुकात नव्हे.

(३) वेल्डिंग नको. ट्रॅक्टरच्या मागील गिअरची पेटी ओतीव लोखंडाची असते. त्यावर साधे वेल्डिंग धरत नाही. वरून धरल्यासारखे दिसते, पण शेजारी बारीक चीर जाते आणि भर हंगामात पेटीच फुटते. कंपनीने जी भोके ठेवलेली आहेत त्यांतच बोल्टांनी हूक आवळावा. ट्रॉलीच्या दांड्यावर वेल्डिंग करायचे असेल तर ट्रॅक्टरपासून ट्रॉली सोडून करावे, आणि काम चांगल्या कारागिराकडूनच घ्यावे.

(४) बोल्ट. बोल्टाच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात. ८.८ किंवा १०.९ असे आकडे असलेले बोल्ट जास्त ताण सोसणारे असतात. डोक्यावर काहीच नसलेला बाजारातील साधा बोल्ट या कामाला घेऊ नये, मग तो कितीही जाड दिसो. जुना बोल्ट ज्या आकड्याचा असेल त्याहून कमी आकड्याचा बसवू नये. खाली जाड वॉशर घालावा. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत, कारण रंग आणि गंज दबून ते सैल होतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा पाना लावून पाहावा.

(५) पिन. पिन हुकाच्या भोकाला आणि दांड्याच्या कडीला बसणारी असावी. सैल पिन प्रत्येक धक्क्याला हातोड्यासारखी आपटते, आणि भोक लांबट होत जाते. पिनेऐवजी सळईचा तुकडा, जुना बोल्ट किंवा नांगराचा खिळा कधीही घालू नये. पिन वरून खाली घालावी आणि खालच्या टोकाला अडकवणारी क्लिप लावावी. सुतळी किंवा तार ही क्लिप नव्हे. घासलेल्या जागी नख फिरवून पाहावे. खाच लागली तर पिन बदलावी. पिनेचे पैसे ते काय, पण ती सगळी ट्रॉली धरून असते.

(६) जादा साखळी. हूक किंवा पिन तुटली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडा आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी साखळी हवीच. ती भरल्या ट्रॉलीचे वजन सोसणारी असावी. दोन साखळ्या असतील तर दांड्याखालून एकमेकींवर फुली पडेल अशा बांधाव्यात, म्हणजे दांडा सुटला तरी तो त्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. वळण घेण्याइतकीच ढील ठेवावी.

(७) तपासणी. रिकामी ट्रॉली जोडून दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन पाहावे. दांडा टायरला लागतो का? खालच्या लिंक आपटतात का? हायड्रॉलिकचा पाइप आणि दिव्याची वायर ताणली जाते का? हे रिकामेपणी पाहिले म्हणजे भरल्यावर पस्तावा होत नाही.

पुष्कळजण ट्रॅक्टरच्या पुढे वजने लावतात. ती लावणे चांगले, पण ती चुकीच्या हुकावरचा उपाय नव्हे. आधी हूक खाली, मग वजने.

"पाचवे चाक" म्हणजे काय?

आपल्यापैकी काहींची मुलेबाळे अमेरिका-कॅनडात आहेत. तेथे पिकअप गाडीच्या हौद्यात एक गोल, सपाट हूक बसवतात. त्याला ते "फिफ्थ व्हील", म्हणजे पाचवे चाक म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चार चाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे असे. चार चाके रस्त्यावर फिरत, आणि हे पाचवे चाक त्यांच्या वर आडवे फिरे.

आपल्या चार चाकी ट्रॉलीला पुढच्या आसावर जे टर्नटेबल असते, ते याच कड्याचे भावंड. अशा ट्रॉलीत मालाचे वजन तिच्या स्वतःच्या चार चाकांवर राहते. हुकावर दाब फारसा पडत नाही, केवळ ओढ पडते. म्हणून पुढच्या चाकांचे वजन दाबाने कमी होत नाही. पण दाब नसल्याने मागच्या चाकांना पकडही कमी मिळते, आणि उतारावर ही ट्रॉली ट्रॅक्टरला जास्त ढकलते. टर्नटेबलला ग्रीस भरणे आणि त्याचे बोल्ट पाहणे ही कामे हुकाइतकीच महत्त्वाची आहेत.

पिकअपच्या पाचव्या चाकाकडून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की ते हूक मागच्या बंपरवर न बसवता थेट मागच्या आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे बसवतात. त्यामुळे ट्रेलरच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के भार हुकावर घेतला तरी गाडीचा पुढचा भाग उचलत नाही. भार टेकूवरच पडतो. बंपरमागच्या साध्या हुकावर मात्र १० ते १५ टक्केच भार ठेवतात. दुसरी गोष्ट अशी की हा हूक हौद्याच्या पत्र्याला कधीच आवळत नाहीत. पत्र्याखाली जी चॅसी असते, तिला जाड पट्ट्या बोल्टांनी बसवून त्यांवर हूक बसवतात. पत्रा वजन झाकतो, सोसत नाही. आपल्याकडे छोट्या पिकअप टेम्पोला मागे ट्रेलर जोडण्यासाठी पत्र्याला किंवा बंपरला हूक वेल्ड केलेला आढळतो. असा हूक पहिल्या मोठ्या खड्ड्यात पत्र्यासकट निघून येतो.

जोडताना आणि सोडताना

हुकाचे पुष्कळ अपघात रस्त्यावर होत नाहीत. ते अंगणात होतात. एकजण ट्रॅक्टर मागे घेतो आणि दुसरा मध्ये उभा राहून दांडा उचलून धरतो. क्लचवरून पाय निसटला की मधला माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये चिरडतो. बहुधा तो घरातलाच मुलगा किंवा भाऊ असतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

ट्रॉली सपाट जागी ठेवावी आणि चाकांच्या पुढे-मागे दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावावेत. दांडा जॅकने किंवा स्टँडने हुकाच्या उंचीवर आणावा. माणसाच्या हाताने नव्हे. इशारा देणाऱ्याने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. ट्रॅक्टर कडीजवळ आला की थांबवावा, हँडब्रेक लावावा, गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे. त्यानंतरच मध्ये जाऊन पिन घालावी. भोक आणि कडी जुळते का ते बोट घालून कधीही पाहू नये. लोखंडी कांबीने जुळवावे. लहान मुलांना या कामाच्या आसपास येऊ देऊ नये.

सोडताना आधी ठोकळे, मग स्टँड, आणि शेवटी पिन. माल मागे जास्त असलेली ट्रॉली पिन काढताच उलाळ होते आणि दांडा उसळून हनुवटीवर बसतो. दांड्यावर वाकून पिन काढू नये, बाजूला उभे राहून काढावी.

रस्त्यावर

रस्त्यावर येण्यापूर्वी ब्रेकची दोन्ही पेडले खिट्टीने एकत्र जोडावीत. शेतात एका बाजूचा ब्रेक वळायला उपयोगी पडतो. रस्त्यावर तोच ट्रॅक्टरला आडवा फिरवतो. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. बेळगावहून गोव्याकडे उतरणारे चोर्ला आणि अनमोड घाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना उतार काय चीज आहे हे सांगायला नको. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे मागची सहा-आठ टनांची ट्रॉली पाठीवर घेणे. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती ट्रॅक्टरला ढकलते, आणि वळणावर दोन्ही कात्रीसारखी मिटतात. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडणाऱ्यांनी पहिल्या ट्रॉलीच्या मागचा हूकही याच नियमांनी तपासावा. तो बहुधा सर्वांत दुर्लक्षित असतो.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक आणि दोन्ही बाजूंना चमकणारी पट्टी असावी. उसाची वाढे खाली लोंबून ती झाकत नाहीत ना, ते पाहावे. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर दगड ठेवून निघून जाऊ नये. मागे बऱ्याच अंतरावर खूण ठेवावी, आणि दुरुस्तीनंतर दगड उचलून बाजूला टाकावेत. अंधारात मोटारसायकलवरून येणाऱ्याला उभी ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही.

सणाला, लग्नाला, फेस्ताला आपण ट्रॉली भरून माणसे नेतो. धर्मग्रामातील ज्येष्ठांनी ही चाल मोडावी असे आम्हाला वाटते. ट्रॉली मालाची गाडी आहे. तिला स्प्रिंग जेमतेम, कठडा कमी. आणि उलटली तर सर्वजण एकाच वेळी खाली सापडतात. विम्याची भरपाई मिळण्यासही अडचण येते. हुकावर किंवा दांड्यावर बसून जाणे तर मुळीच चालू देऊ नये. तेथे बसलेला माणूस झोपेच्या एका डुलकीत चाकाखाली जातो.

ट्रॅक्टरवर चालकाच्या डोक्यावर भक्कम लोखंडी चौकट असली, तर उलटल्यावरही त्याला जगायला जागा राहते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली, आणि पुढे तेथील उलटण्याचे मृत्यू फार कमी झाले. नवा ट्रॅक्टर घेताना ही चौकट आणि पट्टा मागावा. चौकट असेल तर पट्टा बांधावा. चौकट नसेल तर बांधू नये.

अपघात झालाच तर

प्रथम इंजिन बंद करावे. डिझेल सांडले असेल तर विडी-काडी दूर ठेवावी. १०८ वर फोन करावा. खाली अडकलेल्या माणसाला हिसडा देऊन ओढू नये. ट्रॅक्टर आणखी कलणार नाही असे ठोकळे लावून, मगच जपून उचलावा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी. कापड भिजले तर तेच ठेवून वर दुसरे दाबावे. हळद, कॉफीची पूड, माती किंवा डिझेल जखमेत घालू नये.

बोट तुटले असेल तर ते टाकू नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फाला लागू देऊ नये. ते घेऊन जितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोहोचता येईल तितके चांगले. कोणतीही जखम असो, धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्यावे.

मान किंवा पाठ दुखते असे जखमी सांगत असेल, किंवा पाय हलत नसतील, तर त्याला उठवून बसवू नये. चार माणसांनी मान, कंबर आणि पाय एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. घाईने जीपच्या सीटवर दुमडून नेल्यामुळे कायमचे पंगुत्व येऊ शकते.

रोजच्या पाच गोष्टी

सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात. हूक मागच्या आसाच्या खाली आहे ना? नट आवळलेले आहेत ना? पिनेला क्लिप आहे ना? साखळी जोडली आहे ना? माल मागे किंवा पुढे फार झुकलेला नाही ना? याला दोन मिनिटे पुरतात. घरातील मुलगा ट्रॅक्टर शिकत असेल तर त्याला गिअर शिकवण्याआधी या पाच गोष्टी शिकवाव्यात, आणि पहिला आठवडा त्याच्याकडूनच त्या तपासून घ्याव्यात.